पसंतीचं बटण

पोरांनो, तुमच्या चुलतभावाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर मी वेबपानावर चढवला. नवरीचं माहेर चिकोडीकडचं, म्हणून वर मराठी आणि खाली कन्नड. पान चांगलंच लांबलं. आपल्या माणसांची सवय मला ठाऊक आहे. न वाचताच "छान आहे" म्हणतात आणि छापून आल्यावर चुका काढतात. म्हणून 'पसंत आहे' हे बटण मी अगदी तळाशी ठेवलं, आणि पान तळापर्यंत सरकवल्याशिवाय ते दिसणारच नाही अशी सोय केली. निवृत्तीनंतर शिकलेल्या जावास्क्रिप्टचा तेवढाच उपयोग.

तुम्हा सगळ्यांच्या पसंती लगोलग आल्या. राहिल्या एकट्या आक्का, निपाणीच्या माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचा होकार आल्याशिवाय आपल्या घरची पत्रिका छापायला जात नाही.

दुपारी त्यांचा फोन आला. "बटण न्हाय गं."

"तळापर्यंत गेलात का, आक्का?"

"गेलो की. आता काय तळघर खणू?"

"पुन्हा एकदा वाचून बघा."

त्यांनी वाचलं. मग आणखी वाचलं. संध्याकाळी आवाजच बदललेला. "सगळ्यास्नी बटण दिलंस आणि मलाच न्हाय. माझं मत नको असंल तर तसं सांग. परक्यागत येतो, अक्षता टाकतो आणि जातो."

पत्रिका राहिली बाजूला, आक्काच रुसल्या. मी कॉम्प्युटर घेऊन बसले तेव्हा कुठे कळलं. पान किती खाली सरकलं हे विचारायच्या नेहमीच्या जागा दोन. कुठला ब्राउझर तो आकडा पानाच्या 'बॉडी'कडे ठेवतो, कुठला 'डॉक्युमेंट'कडे. चुकीच्या जागी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं सोडून ठामपणे शून्य सांगतो. मी फक्त बॉडीला विचारलं होतं. माझ्याकडे ते चाललं, तुमच्याकडेही. आक्कांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा ब्राउझर वेगळा. त्या तळाशी बसून कन्नड वाचत होत्या आणि तो सांगत होता, बाई अजून पहिल्याच ओळीवर आहेत. शेवटी त्या दोघांचा नाद सोडून मी थेट 'विंडो'ला, म्हणजे पान ज्या खिडकीत दिसतं तिलाच, विचारलं. तिनं सगळीकडे खरा आकडा दिला.

आक्कांना फोन लावला. "पान नव्यानं उघडा. दिसलं का?"

"दिसलं."

"मग दाबा की."

"आणि पसंत नसलं तर कुठं दाबायचं?"

तसं बटण मी केलंच नव्हतं.

"जेवण बाराला आणि अक्षता साडेबाराला लिवलंयस," आक्का म्हणाल्या. "मराठीत बी आणि कन्नडात बी. इतक्यांदा वाचायला लावलंस म्हणून दिसलं. आधी जेवून घ्यायचं आणि मग लगीन लावायचं, व्हय गं?"

वेळा बदलल्या, मग आक्कांनी बटण दाबलं. तुमच्या सगळ्यांच्या पसंती, त्या 'आधी जेवण, मग लग्न'वाल्या पत्रिकेला दिलेल्या, माझ्याकडे अजून आहेत. तळापर्यंत मात्र सगळे गेला होतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.