मासळीबाजारातलं परीक्षक मंडळ

यॉनपो बंदरातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये बांग मिओक शिकवायला येणार म्हटलं की लोक खूश व्हायचे. दोन दिवस कामातून सुटका, दुपारी ऊन ऊन भात-माशाचं जेवण, आणि बाईंचे विनोद. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आवाज मात्र असा, की धक्क्यावरून हाक मारली तर समुद्रातली होडी मागे वळावी. नागरिकांशी बोलायचं कसं, वार्ताहरांना तोंड द्यायचं कसं, संकटात लोकांना काय सांगायचं आणि काय लपवायचं नाही, हे शिकवणं हा तिचा धंदा.

ती या धंद्यात आली ती अपघातानेच. एकोणिसाव्या वर्षी मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात फोनवर बसली होती. एकदा डब्यांत वाळू निघाली. वार्ताहर फाटकाशी जमले आणि साहेब मागच्या दाराने पसार झाले. उरली मिओक. ती बाहेर गेली आणि म्हणाली, "हो, वाळू आहे. माझ्या घरच्या डब्यातही निघाली. दात अजून करकरतायत." लोक हसले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत वाळूपेक्षा दातच जास्त होते. साहेब परत आले आणि त्यांनी तिला जनसंपर्क अधिकारी करून टाकलं. पुढे कारखाना बंद पडला, तेव्हा तिने एका केशकर्तनालयाच्या वर खोली घेतली आणि शिकवायला सुरुवात केली.

बारा वर्षं सगळं झकास चाललं. वर्ग संपला की प्रत्येकाला एक कागद मिळायचा. शिकवणं कसं वाटलं? पाचपैकी किती? कायम चार पूर्णांक नऊ. मिओकने त्यातले निवडक कागद चौकटीत घालून भिंतीवर लावले होते.

मग एका सप्टेंबरात तिच्याच स्वयंपाकघरातल्या नळाला तांबूस पाणी आलं.

शहराच्या पाणी खात्याचा वर्ग तिने तीनच आठवड्यांपूर्वी घेतला होता. तिथे यू हारिम नावाची मुलगी पहिली आली होती. गोड आवाज, टापटीप उत्तरं, खोट्या कॅमेऱ्यासमोर तर अगदी निवेदिकाच. मिओकने पाणी खात्याला फोन लावला. नाव सांगितलं नाही. फोन नेमका हारिमनेच उचलला.

"नमस्कार, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत," हारिम म्हणाली.

"अगं, दिलगिरी राहू दे. पाणी पिऊ का नको?"

"आपली तक्रार महत्त्वाची आहे. मी संबंधित विभागाला जोडून देते."

संबंधित विभागाने दुरुस्ती विभागाला जोडलं, दुरुस्तीने तपासणीला, तपासणीने आणखी कुणाला तरी, आणि अकरा मिनिटांनी पुन्हा तोच गोड आवाज आला, "नमस्कार, आपल्या गैरसोयीबद्दल..."

मिओकने फोन ठेवला. आधी तिला हसू फुटलं. मग ती भिंतीवरच्या चौकटींकडे बघत राहिली आणि हसू मावळलं. ते दिलगिरीचं वाक्य तिनेच तर पाठ करून घेतलं होतं! पोरीने बाईंचा शब्द न् शब्द पाळला होता. म्हणजे पोरगी नापास नव्हती. बाई नापास होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पाणी खात्याच्या कू साहेबांसमोर जाऊन बसली. कू साहेब म्हणजे विभागप्रमुख. केस चापून बसवलेले, टाय कायम घट्ट.

"साहेब, माझा वर्ग फुकट गेला. पुन्हा घेते. जास्तीचं काही नको."

"फुकट कसा? चार पूर्णांक नऊ आहेत ना! मी वर अहवाल पाठवला, शाबासकीही आली."

"त्यांनी मला मार्क दिले, साहेब. त्यांना काय येतं, ते कुणी बघितलंय?"

कू साहेबांनी टाय सैल केला, परत घट्ट केला. शेवटी फुकटची गोष्ट नाकारायला कारण सापडेना म्हणून ते हो म्हणाले.

या वेळी मिओकने उलट्या टोकाने सुरुवात केली. आधी धडे लिहिलेच नाहीत. आठवडाभर ती फोनवाल्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसली आणि नुसती ऐकत राहिली. लोक विचारायचे तरी काय? सतराशे साठ प्रश्न, पण सोलून काढले की उरायचे तीनच. झालंय काय? मी आता काय करू? आणि पुढचं कधी कळणार? दहापैकी सहा जण तर त्याच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा फोन करत होते, कारण पहिल्यांदा काही कळलंच नव्हतं. मिओकने वहीत लिहिलं: खात्याच्या माणसांना ही तीन उत्तरं देता आली पाहिजेत. त्यासाठी जे लागतं तेवढंच शिकवायचं. मग तिने आपल्या जुन्या शिकवणीवर कात्री चालवली. जनसंपर्काचा इतिहास गेला, हातवाऱ्यांचं शास्त्र गेलं, टाळ्या पिटायचा खेळ गेला. तो खेळ तिचा फार लाडका होता. तो खोडताना तिने दोनदा पेन खाली ठेवलं.

राहिली परीक्षा. ती घ्यायची कुणी? मिओक मासळीबाजारात कुमजाकडे गेली. कुमजा तिची शाळेपासूनची मैत्रीण, चाळीस वर्षं मासे विकणारी, आणि तोंडाने बाजारात पहिली. तिच्या गाळ्यामागे शेगडीपाशी बेक आजोबा बसलेले असायचे. जन्मभर इंजिनाच्या खोलीत काम केल्यामुळे त्यांना निम्मंच ऐकू यायचं.

"तुला परीक्षक करते," मिओक म्हणाली.

"मला? मी सहावी नापास, बये!"

"म्हणूनच. माझा माणूस येऊन तुला तीन मिनिटांत काहीतरी सांगेल. तू मासे साफ करत ऐकायचं. हात थांबवायचा नाही. मग तू ते आजोबांना सांगायचंस. आजोबांना जे कळेल ते मी लिहून घेणार. मार्क त्याचे."

कुमजाने सुरी हवेत धरली. "म्हणजे साहेब लोक नापास होणार आणि मी बघत बसणार? पगार नको मला, फक्त रोज बोलव."

ऑक्टोबरात पाणी खात्याची नऊ माणसं बाजारात आली. पहिली हारिम. तिने पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. "पाण्यातील गढूळपणा विहित मर्यादेत असून..."

कुमजा मागे वळून ओरडली, "आजोबा, पोरगी म्हणते, पाणी मर्यादेत आहे!"

"मयत?" आजोबा दचकले. "पाण्यात कोण मेलं?"

अख्खी रांग खदखदून हसली. हारिमच्या डोळ्यांत पाणी आलं. मिओकने तिला बाजूला नेलं. "रडू नकोस. ते वाक्य मीच दिलं होतं तुला. आता तुझ्या आजीला सांगशील तसं सांग."

मग कू साहेब. त्यांना परीक्षा द्यायचीच नव्हती, पण माणसं बघत होती. त्यांनी आधी बाजारातल्या सर्व बंधुभगिनींना अभिवादन केलं, खात्याच्या परंपरेबद्दल दोन शब्द सांगितले, मग ऋतुमानावर आले.

"साहेब," कुमजा म्हणाली, "माझा मासा साफ झाला, तुकडे झाले, पिशवीत गेला. तुमचं पाणी अजून टाकीतच आहे."

सगळ्यांत शेवटी सॉक तोंगिल. हा पाईप दुरुस्त करणारा अभियंता. पहिल्या वर्गात कोपऱ्यात बसून होता, खोट्या कॅमेऱ्यासमोर घामाने निथळला होता. तो गाळ्यापाशी उकिडवा बसला, कुमजाच्या उंचीला आला.

"मावशी, नळाला लाल पाणी येतंय. पाईप जुना, गंज सुटलाय. पिऊ नका, पांढरे कपडे धुऊ नका. दुपारी दोनला मी परत येऊन सांगतो."

"झालं?"

"झालं."

कुमजाने सांगितलं. आजोबांनी मान डोलावली. "लाल पाणी. गंज. प्यायचं नाही. दोनला पोरगा येणार. मला काय बहिरा समजता?"

नऊ जणांची सरासरी आली पाचपैकी एक पूर्णांक आठ. कू साहेबांनी तो आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा बर्फात ठेवलेल्या माशासारखा झाला. "बाई, हे वर कसं पाठवू? मागच्या महिन्यात चार पूर्णांक नऊ आणि आता एक पूर्णांक आठ! म्हणजे तुमच्या वर्गाने माणसं मठ्ठ झाली असं दिसतं."

"मागचा आकडा माझा होता, साहेब. आताचा तुमच्या खात्याचा. इथून वर जायचंय."

"आणि परीक्षक कोण लिहू? मासळीवाली?"

"नागरिक लिहा."

साहेबांनी कागद खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. मिओकने शिकवणं मात्र थांबवलं नाही. दर बुधवारी एक तास, बाजारातच. कुमजाला तर इतका चेव चढला की ती शेजारच्या बायकांनाही उलट प्रश्न विचारायला शिकवू लागली.

नोव्हेंबरात, घरोघरी वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या ऐन आठवड्यात, बंदर भागाची मुख्य जलवाहिनी फुटली. मिठात मुरवलेल्या कोबीचे ढीग परातीत पडलेले, धुवायला थेंब नाही. सकाळी नऊला बाजारात दोनशे बायका जमल्या. दोन वार्ताहरही आले. कू साहेबांनी छापील निवेदन हातात घेतलं, तीनदा वाचलं, आणि ते तोंगिलच्या हातात न देता त्यालाच पुढे ढकललं. "तू जा. तुला जसं येतं तसं सांग."

तोंगिल मासळीच्या खोक्यावर चढला. घाम होताच. "पाईप फुटलाय. कुठे ते सापडलंय, किती फाटलाय ते अजून माहीत नाही. टँकर दहाला येतोय, कोबी त्या पाण्याने धुता येईल. दुपारी दोनला इथेच येऊन सांगतो."

शिव्या पडल्याच. कोबी खारट होणार, सून माहेरी निघून जाणार, सगळं पाणी खात्याच्या माथी. पण दहाला टँकर आला. आणि दोनला तोंगिल आला, चिखलाने कमरेपर्यंत माखलेला.

"अजून कळलं नाही," तो म्हणाला. "पाणी उपसतोय. पाचला परत येतो."

"काही कळलं नाही तर आलास कशाला?" कुमजा कडाडली.

"दोनला येतो म्हटलं होतं, मावशी."

कुमजाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग कोवळ्या कोबीचं पान तोडून, त्यात तिखट मसाला गुंडाळून, तिने ते सरळ त्याच्या तोंडात कोंबलं. "खा. आणि पाचला ये."

पाचला तो सांगू शकला की पाणी सकाळी येईल. ते सकाळी आलं, तासभर उशिराच.

तिकडे कचेरीत हारिम फोनवर होती. त्या दिवशी तिने एकही फोन पुढे ढकलला नाही. "काकू, पाईप फुटलाय. टँकर बाजारात आहे. पुढचं पाचला कळेल, तेव्हा मीच फोन करते," असं ती दिवसभर सांगत राहिली आणि संध्याकाळपर्यंत तिचा गोड आवाज पार बसून गेला. मिओकने नंतर नोंदी तपासल्या. दुसऱ्यांदा फोन करणारे दहापैकी दोन. तिला उड्या माराव्याशा वाटल्या, पण वहीत तिने हेही लिहिलं की टँकर वेळेवर आला नसता तर आकडा असा दिसला नसता.

कू साहेबांनी खणाचं कुलूप काढलं. बाजारातल्या परीक्षेचा एक पूर्णांक आठ, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या फोनांचे आधीचे-नंतरचे आकडे, सगळे वर पाठवले. परीक्षकांच्या रकान्यात त्यांनी विचार करून लिहिलं: 'श्रीमती कुमजा, मत्स्यव्यवसाय, श्री. बेक, यंत्र विभाग, निवृत्त.' वरून शाबासकी काही आली नाही. दोन ओळींचं पत्र आलं, की पुढच्या वर्षीही हेच चालू ठेवावं.

गोष्ट गावभर झाली आणि तिचा फटकाही बसला. मिओकच्या वर्गाला आता सगळेच काही उत्सुक राहिले नाहीत. एका कचेरीने तर स्पष्ट कळवलं की आम्हाला ते जुनं, टाळ्यांच्या खेळाचं शिक्षण हवं आहे. तिने नम्रपणे नाही म्हटलं आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही, कारण तो खेळ तिला अजूनही आवडायचा.

मार्चमध्ये शहरातल्या एका दवाखान्याचा फोन आला. रुग्णांशी नीट बोलायला परिचारिकांना शिकवायचंय, दोन दिवस पुरतील ना, असं तिकडचे व्यवस्थापक विचारत होते.

"दिवसांचं नंतर बघू," मिओक म्हणाली. "आधी मला आठवडाभर तुमच्या रुग्णांच्या रांगेत बसू द्या."

सोमवारी सकाळी ती घरून उशी घेऊन निघाली. तिथली बाकं फार कडक असतात म्हणे.