अमरसिंगकाकाच्या रानातला टारफुला

अमरसिंगकाकाला मी अहो-जाहो करणार नाही. नात्याने तो माझ्या बापाचा धाकटा चुलतभाऊ, पण आमच्या दारावरून जाताना तो थुंकल्याशिवाय पुढे गेल्याचं मला आठवत नाही. वर म्हणायचा, वाईट आम्ही.

सेनगावच्या अलीकडे आमचा तांडा. काकाचं रान आणि आमचं रान, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. अंगाने काटक, आवाजाने दांडगा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शिवी दिल्याशिवाय बैल औत ओढत नाही, असं त्याचं ठाम मत. बैल मात्र देखणे ठेवायचा आणि त्यांच्या कडब्यासाठी दरवर्षी ज्वारीच पेरायचा. घरची भाकर आणि बैलांची वैरण, सगळं त्या एका रानावर.

भांडण लागलं गुरांवरून. पिकं निघाली की तांड्याची सगळी गुरं दिवसभर मोकळ्या रानांतून चरायची आणि रात्री कुणातरी एकाच्या रानात बसायची. शेण-मूत त्या रानाला मिळायचं. पाळी कुणाची, ते तांड्याचा नायक ठरवायचा. ब्याण्णव साली पाळी काकाची होती, आणि त्याच वर्षी आमची ज्वारी टारफुल्याने खाल्ली होती.

टारफुला म्हणजे वीतभर उंचीचं, पांढऱ्या फुलांचं तण. दिसायला इतकं गोजिरं की मी एकदा ते वेणीत माळलं आणि आईचा मार खाल्ला. मेल्याची पानं हिरवीगार, स्वतःचं पोट भरण्यासारखी, तरी जमिनीखालून ज्वारीच्या मुळाला तोंड लावतं. रानात ओल असूनही ज्वारी तहानेल्यासारखी पिवळी पडते, कणीस भरत नाही. बी तपकिरीसारखं बारीक. एकदा मातीत गेलं की वर्षानुवर्षं मरत नाही.

माझा बाप, धर्मसिंग, नायकाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "अमर, औंदा तुझ्या रानात गुरं बसवू नको. समदी माझ्या रानात चरून राहिलीत. टारफुला शेणातून तुझ्यात उतरंल. माझ्याच रानात बसू दे त्यांना, तिथं आता बिघडायचं काय राह्यलंय?"

शेवटच्या वाक्याने घात केला.

"व्हय रे व्हय!" काका उठलाच. "माझी पाळी आली की शेणातून टारफुला! समदं खत तुलाच पायजे का?"

शंकरसिंग नायकाने समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. काकाने पटका काढून जमिनीवर आपटला. त्याच्या तोंडाला कोण लागणार? गुरं त्याच्या रानात बसली, आणि इतरांपेक्षा जास्तच रात्री बसली. काका मिशीला पीळ देत घरी गेला.

पुढच्या साली त्याची ज्वारी गुडघ्याच्या वर गेली आणि बुडाशी पांढरी फुलं उभी राहिली. मूठभर उपटून तो आमच्या दारात आला. "धर्मसिंग, बाहेर ये! माझ्या रानात चोरून बी टाकलंस तू!"

तेव्हापासून पोळा सरला की आमच्या दारात हा दुसरा सण. बाप आधी आधी उत्तर द्यायचा, मग गप्प बसायला लागला. काका फुलं आल्यावर टारफुला उपटायचा आणि धुऱ्यावरून आमच्या रानात फेकायचा. निम्मं बी वाटेत त्याच्याच रानात सांडायचं, ते त्याला दिसायचं नाही. माझ्या लग्नात तो जेवायला आला नाही, पण मांडवासमोरून मुद्दाम बैल हाकत, शिव्या देत गेला. बाप म्हणाला, "जाऊ दे, बैलाला देऊन राहिला." त्या दिवशी मला बापाचाही राग आला होता.

मग सगळ्यांबरोबर काकानेही सोयाबीन धरलं. सोयाबीनच्या मुळावर टारफुला जगत नाही, त्यामुळे तो दिसेनासा झाला. काकाने तांडाभर सांगितलं, "धर्म्याला दम दिला म्हून बंद झालं." पण कडब्यावाचून त्याचे बैल रोडावले आणि भाकरीची ज्वारी बाजारातून यायला लागली. अशातच माझा बाप वारला. काका मातीलाही आला नाही.

दोन वर्षांनी त्याने बैलांसाठी पुन्हा ज्वारी पेरली. त्या पोळ्याला मी माहेरी आले होते. दारात तोच आवाज आला. "धर्मसिंग, बाहेर ये!"

बोलून गेला आणि स्वतःच थांबला. मुठीत टारफुला, डोक्याचे केस पांढरे. मी तावातावाने उठले, पण आई आधी बाहेर गेली. तिचे हात पिठाचे होते.

"आता कोन टाकलं, भावजी?"

"जाताना टाकून गेला आसंल त्योच."

"त्यानं तर समद्या तांड्यासमोर सांगितलं होतं, गुरं बसवू नको म्हून."

"माझ्यावर जळून सांगितलं होतं."

"जळत आसता तर सांगितलं काहून आसतं?" आईने आवाजही चढवला नाही. "गप राह्यला आसता. तुमचं रान बुडालं आसतं अन् त्यो हसला आसता."

काकाने तोंड उघडलं. मी शिवीची वाट पाहत होते. पण त्याची मूठ सैल झाली, फुलं आमच्या उंबऱ्यापाशी पडली. तो वळला आणि न थुंकता गेला.

मला त्याची कीव आली नाही. माझ्या बापाला पाठचा असा तो एकच होता, आणि जिवंतपणी बापाला तो मिळाला नाही. हे मागून ओरडून सांगावंसं वाटलं.

आई खाली बसली होती. तिने एकेक काडी वेचली, खाली पडलेली पाकळीसुद्धा. बी गळायच्या आत सगळं चुलीत घातलं आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.