गाठींची दोरी

दोरीवाली मावशी सकाळी तोंड धुण्याआधी विहीर मोजायची. दोरीला हाताहातावर गाठी, टोकाला दगड. किती गाठी भिजल्या ते पाहून त्या दिवशी कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचे, ते ती ठरवी. वाशीमच्या बाहेर ओढ्याकाठी तिचा मळा होता. आमचे घर त्याला लागून.

पाऊस कमी होऊ लागला, तशी तिने केळी काढून मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावली. शेजारी हसले. ती म्हणाली, "केळीले पोसू का लेकराइले?"

ओढ्याच्या वरच्या अंगाला देशमुखांचा बगीचा होता. दुष्काळात विहीर खोल करण्यासाठी दोघांनीही सरकारकडे अर्ज केला. देशमुखांचा मंजूर झाला. मावशीच्या अर्जाला उत्तर आले नाही. देशमुखांनी विहीर आणखी खोल खणली, वर तेलाचे इंजिन बसवले आणि खालच्या मळ्यांचे पाणी उतरू लागले.

मळेवाल्यांनी देशमुखांकडे रोज भाजी पोचवायची, हा जुना रिवाज होता. मावशीने तो मोडला नाही. भिजेल त्या गाठीला एक जुडी, एवढेच ठरवले. सहाच्या तीन झाल्या, तेव्हा देशमुखांची स्वयंपाकीण म्हणाली, "काहून वं, आज तीनच?"

"तीनच गाठी भिजल्या, बाई."

एके दिवशी गाठ भिजलीच नाही. मावशीने टोपलीत कोरडी दोरी ठेवली आणि ती स्वतः देशमुखांसमोर नेली.

"हे काय आनलं वं?"

"आजची भाजी, मालक."

"मंग मी माह्या इहिरीतलं पानी काहाडू नोको का?"

"काहाडा ना. पन इंजनाले एक दिस आड सुट्टी द्या. थो बी मजूरच आहे."

देशमुख हसले. दुसऱ्या दिवशी इंजिन बंद ठेवून ते मळ्यात आले आणि दोरी त्यांनी स्वतः सोडली. दोन गाठी भिजल्या. तेव्हापासून इंजिन एक दिवसाआड चालू लागले.

ही पाळी देशमुख असेपर्यंत टिकली. त्यांच्या मुलाने दुसरे इंजिन आणले आणि पाळी बंद केली. मावशीची विहीर आटली. तिने वाफे मोडून ज्वारी पेरली. दोरी मात्र ती रोज सोडत राहिली, कोरडीच वर ओढत राहिली.

वाशीम सोडताना मी तिला विचारले, "आता कायले मोजतं, मावशी?"

दोरी गुंडाळत ती म्हणाली, "पानी केवा गेलं, थे कोनाले तरी सांगता आलं पायजे. नाई त लोक म्हनतीन, इथं पयलेपासूनच नव्हतं."