गळ नसलेल्या दोरीची ओढ

भुताखेतांचं कोणी सुरू केलं की मी सरळ म्हणतो, "चहा घे आणि निघ." धामणकर नाक्याला आमचे कापडाचे लूम आहेत. त्या खडखडाटात भूतसुद्धा टिकायचं नाही! त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण लिहितोच.

मला फ्लाय फिशिंगचं वेड. गळावर पिसं आणि लूमवरचं चमकीचं सूत बांधून नकली कोळंबी करायची आणि रॉडच्या जाड दोरीने ती लांब फेकायची — जिताडा मासा पकडायला. सगळं व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतले गोरे लोक बूट घालून पाण्यात उभे राहतात, म्हणून मीही गुडघ्यापर्यंतचे बूट मागवले. बायको म्हणाली, "अहो, खाडीत बूट घालून कोण उतरतं? गाळ बूट धरून ठेवतो, पाय सोडत न्हाय." ऐकेल तो मी कसला!

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी कशेळीच्या खाडीवर गेलो. सोबत शाळेपासूनचा मित्र इक्बाल. तो दगडी बांधावर बसला. ओहोटी होती. माझा गळ लांब तिवराच्या झुडपात अडकला आणि दोरीपासून तुटला. तो आणायला निघालो आणि मांड्यांपर्यंत रुतलो. पाय हलेनात. त्यात भरती लागली.

"अरे आडवा हो! बूट सोड तिथंच!" इक्बाल ओरडत होता. पाय निघतील तर ना! तो पुढे आला असता तर तोही रुतला असता. "दोरी फेक इकडे!" तो म्हणाला. फेकली... पुन्हा फेकली. वारा समोरून, दोरी मध्येच पाण्यात पडायची. पाणी छातीला आलं. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी चक्क रडलो.

तेवढ्यात दोरीला ओढ लागली.

टोकाला गळ नव्हता — काहीच नव्हतं. तरी दोरी ताणली गेली, भरती जिकडून येत होती तिकडेच, बांधाच्या दिशेने. मी दोन्ही हातांनी धरली आणि पाण्यावर आडवा झालो. माझी मूठ सैल पडली की ओढ थांबायची. श्वास घेऊन पुन्हा घट्ट धरली की हळूच सुरू. लहान मुलाला बोट धरून चालवतात ना, तशी. आधी एक पाय बुटातून निघाला, मग दुसरा. भीती? अजिबात नाही. देवळात गाभाऱ्यापाशी आवाज आपोआप खाली येतो, तसं आतून झालं होतं.

इक्बालने बखोटीला धरून वर घेतलं. "अंदर कौन था रे?" एवढंच बोलला.

ओंडका म्हणावा, तर तो भरतीबरोबर उलट दिशेला गेला असता. दोरी कुठे अडकली म्हणावी, तर अडकलेली दोरी आपली वाट बघत थांबत नाही. जाणकारांनी सांगावं, मी तर डोकं खाजवून थकलो.

एक गोष्ट मात्र इक्बाललाही सांगितलेली नाही. बांधावर बसलो तेव्हा दोरीचं टोक अजून पाण्यातच होतं. काय वाटलं कोण जाणे... मी दोरीला हलकेच एक हिसका दिला.

पलीकडूनही एक आला, तितकाच हलका. मग दोरी सैल पडली.