न दुखणारी टाच

काल्सिनांच्या वस्तीत माणसाची पारख टाचेवरून होत असे. सोयरीक जमवायला आलेली माणसं मुलाचं तोंड नंतर बघत, आधी पाय बघत. टाच काळी, जाड आणि टाक्यांनी भरलेली दिसली की म्हातारे माना डोलवत. मऊ टाचेच्या पोराला मुलगी द्यायची म्हणजे तिला विहिरीत ढकलायचं, असं सरळ बोललं जाई. आता त्या मैदानात ना विहीर होती ना पाणी, ती गोष्ट वेगळी.

मैदान सगळं मिठाचं. दर हिवाळ्यात तिथून मिठाच्या लाद्या लामांच्या, म्हणजे तिकडच्या लोकरीच्या बिनवशिंडी उंटांच्या पाठीवर लादायच्या आणि चौदा मुक्काम चालत मक्याच्या दरीत न्यायच्या, बदल्यात मका घ्यायचा, की वर्षभराच्या पोटाची सोय झाली. पायात टायर कापून केलेल्या वहाणा. मोजे घालणारा पुरुष बायल्या. मिठाची धूळ कातडं खाते आणि थंडी उरलेलं फाडते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या मुक्कामाला टाचेला करंगळी जाईल एवढी भेग पडायचीच. मग त्यात चरबी आणि काजळी भरायची. तेवढ्यानं भागलं नाही, तर दाभणात लोकरीचा दोरा ओवायचा आणि पोतं शिवावं तशी टाच शिवून टाकायची. पाण्यानं मात्र पाय धुवायचा नाही. ओल्या कातड्याला मीठ जास्त चावतं.

शिवायचं काम बायकांचं, आणि सगळ्यांत चांगला हात साबास्ताचा. वरचं जाड कातडं मेलेलंच असतं, तिथे दाभण गेलं तरी कळत नाही. पण नुसत्या मेल्या कातड्यात टाका टिकत नाही. खालचं थोडं जिवंतही धरावं लागतं, आणि तिथेच भले भले पुरुष ‘आई गं’ म्हणतात. साबास्ता जिवंत धरायची ती अगदी केसाएवढं. थेंबभर रक्त यायचं, टाका महिनाभर हलायचा नाही.

तिचा नवरा एमेतेरिओ काल्सिना हा तांड्याचा म्होरक्या. तीस वर्षं त्यानं तांडा नेला. बोलायला कमी, ऐकायला त्याहून कमी. पण जनावरांवर जीव. रोज मुक्काम पडला की अठ्ठावीस लामांचे एकशे बारा पाय तो स्वतः उचलून बघायचा. तळव्याची गादी सोललेली दिसली, तर जुन्या कातड्याचा बूट शिवून त्या जनावराच्या पायात चढवायचा, नाडी ओढून घट्ट बांधायचा. आणि वर त्याच्याशी गोड बोलायचा. बायकोशी तो इतकं गोड लग्नाच्या दिवशीही बोलला नव्हता.

“एकशे बारा पाय बघता,” साबास्ता एकदा म्हणाली, “आणखी दोन बघितलेत तर काय जाईल?”

“माझे पाय काय बघायचेत? ते चालतात,” एमेतेरिओ म्हणाला, आणि विषय संपला. दुखणं अंगावर काढणं हाच तिथे पुरुषाचा दागिना. म्होरक्यानं वाटेत पायाचं गाऱ्हाणं केलं की ते दुखणं जनावरांत उतरतं, असं मानत. असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं, त्याला मी भेटलो असतो तर त्याचीच टाच न सांगता शिवली असती.

त्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तांड्याबरोबर चौघं होती. एमेतेरिओ, त्याचा धाकटा भाऊ सिल्वेरिओ, सिल्वेरिओची बायको कासियाना आणि साबास्ता. तिसऱ्या मुक्कामाला उजाडता उजाडता एक लामा दावं तोडून मिठाच्या कडेला गेला. कडेला मीठ पातळ असतं, खाली खारं पाणी. जनावराचा पाय आत गेला. एमेतेरिओ त्याला ओढायला गेला, तर त्याचाही उजवा पाय घोट्यापर्यंत आत. लामा बाहेर निघाला. एमेतेरिओही निघाला. पण अशा गारठ्यात, की बोललेला शब्द ओठावर गोठावा, तो ओल्या पायानं तसाच दोन तास तांड्याच्या पुढे चालला. थांबून चूल पेटवली असती तर तांडा खोळंबला असता ना!

दुपारी मुक्कामावर साबास्तानं वहाण काढली. टाच मेणासारखी पांढरी झाली होती आणि भेग उघडी पडली होती. तिनं दोरा ओवला, दाभण घातलं. नवरा समोर डोंगराकडे बघत भूक आणि थकवा मारणारी कोकाची पानं चघळत होता. तिनं जिवंत कातडं धरायला दाभण जरा खाली नेलं. रक्त आलं नाही. आणखी खाली नेलं. तरी नाही. एमेतेरिओचं चघळणं एका लयीत चालूच होतं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “दुखतंय का?”

“नाही.”

“काहीच नाही? दाभण अर्धं आत आहे.”

“नाही म्हटलं ना.”

हे पलीकडे बसलेल्या सिल्वेरिओनं ऐकलं. तो उठून बघायलाच आला. “अर्धं दाभण! अगं कासियाना, ये, बघ! आमचा दादा माणूस नाही, टायर आहे टायर. वहिनी, यालाच कापून वहाणा कर. दहा वर्षं झिजायच्या नाहीत.”

कासियाना तोंडाला हात लावून बघत राहिली. मग आपल्या नवऱ्याला म्हणाली, “आणि तुम्ही! परवा काटा काढला तर आजीला हाका मारत होता.”

सगळे हसले. एमेतेरिओसुद्धा हसला, आणि तो सहसा हसत नसे. इथे साबास्तानं बोलायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला ते ऐकून बरं वाटलं. तीस वर्षं त्या माणसाचं रांधलं, त्याचं न बोलणं सोसलं, आणि आज पहिल्यांदा त्याचा मोठेपणा तिच्या हातातून सगळ्यांना दिसत होता. तिनं मान वर केली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “पापणीसुद्धा हलली नाही, बघा!”

तेव्हापासून तो रोजचा तमाशा झाला. मुक्काम पडला की सिल्वेरिओ म्हणायचा, “चला, टायर शिवायची वेळ झाली.” साबास्ता शिवायची. टाका आज घातला की उद्या निसटायचा, कारण आत धरायला काही उरलंच नव्हतं. पांढरी टाच निळी झाली, मग जांभळी. एकदा एकांतात तिनं पुन्हा विषय काढला.

“अहो, रक्त येत नाही. पायात जीव नाही.”

“जीव नाही तर चालतो कसा?”

“मला भीती वाटते.”

“मग तोंड मिटून भी. सिल्वेरिओच्या कानावर गेलं, तर पुढच्या वर्षी म्होरक्या तो होईल. तुला त्या कासियानाच्या मागे चालायचंय?”

नव्हतं चालायचं. तीच तर गोम होती. म्होरक्याची बायको पुढे चालते, तिच्या तोंडात कुणाच्या लामाची धूळ जात नाही. साबास्तानं पुन्हा दोरा ओवला.

अकराव्या दिवशी खाणीचा एक ट्रक वाटेत थांबला. ड्रायव्हरला भूक लागली होती, त्यांच्याकडे बटाटे उकडत होते. खाता खाता तो एमेतेरिओची चाल बघत होता. “मामा,” तो म्हणाला, “पाय ओढताय तुम्ही. बसा वर. संध्याकाळपर्यंत शहरात सोडतो, दवाखाना दाखवतो. मला काही द्यायला नको.”

“याला?” सिल्वेरिओ फुशारकीनं म्हणाला. “याला काय होतंय! दाभण घुसवलं तरी कळत नाही त्याला!”

ड्रायव्हरनं हातातला बटाटा खाली ठेवला. “कळत नाही म्हणजे? मामी, खरं का?”

एमेतेरिओनं साबास्ताकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, धमकी होती. बोललीस तर बघ. ट्रक चालू होता, त्याच्या धुरानं लामा बिथरले होते. एका शब्दाचं काम होतं. ‘खरं’ एवढंच म्हणायचं होतं.

“हाडाचा घट्ट आहे तो,” साबास्ता म्हणाली. “खाऊन घ्या तुम्ही. गार होतंय.”

ड्रायव्हरनं खाल्लं, हात पुसले आणि गेला. परक्या माणसानं किती आग्रह करायचा? त्याला मी दोष देत नाही.

दरीत पोचेपर्यंत वास सुटला होता. लामासुद्धा एमेतेरिओजवळ उभे राहीनात. पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता. आता मात्र सिल्वेरिओची टायरची गंमत बंद झाली. मक्याच्या बैलगाडीत घालून त्याला पाच दिवसांनी शहरात पोचवलं. डॉक्टरनं पाय गुडघ्याखाली कापला. मग साबास्ताला बाजूला घेऊन विचारलं, “ही शिवण कुणी घातली?”

“मी.”

“थंडीनं नसा मेल्या होत्या, बाई. मेलेलं मांस शिवत होतात तुम्ही. आठवडाभर आधी आणलं असतं, तर टाचेच्या तुकड्यावर भागलं असतं.”

साबास्ता लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण मुक्काम मोजता येत होते. तिनं तिथेच बाकावर बसून बोटांवर मोजले. ट्रक भेटला त्याला आठ दिवस झाले होते.

एमेतेरिओ त्यानंतर नऊ महिने जगला. अंगणात भिंतीला टेकून बसायचा. तीस वर्षांत जेवढा बोलला नाही, तेवढा त्या नऊ महिन्यांत बोलला, आणि सगळं एकाच गोष्टीवर. “तू शिवत होतीस. तुझ्या डोळ्यांना दिसत होतं. तू का नाही बोललीस?” किन्वाची पेज पुढे ठेवली तरी तेच, पांघरूण घातलं तरी तेच. “तुम्हीच गप्प बस म्हणालात,” असं ती एकदा म्हणाली. त्यावर तो म्हणाला, “माझं इतकं ऐकायला मी कोण देव होतो?” मुळात ते गप्प बसणं देवाच्या धाकाचं नव्हतंच, बायकोचं होतं. गर्वानं मूग गिळून बसलेल्या बायकोचं.

एप्रिलमध्ये कुणाला न सांगता, बसल्या जागी तो गेला. मेलेल्या माणसाला लांब चालायचं असतं, म्हणून त्याच्या पायात नव्या वहाणा घालतात. सिल्वेरिओनं दोन कापून आणल्या. एक घालावी की दोन, यावर म्हाताऱ्यांची बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी एक पायात घातली आणि दुसरी शेजारी ठेवली. मग दारू फिरली, आणि दारूबरोबर गोष्टी.

“अर्धं दाभण आत,” सिल्वेरिओ रडत रडत सांगत होता, “आणि दादा डोंगराकडे बघतोय! असा पुरुष पुन्हा होणे नाही.”

“नाही,” साबास्ता म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. त्यात कोंबड्याचं शौर्य काय? पाय मेला होता त्याचा. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रक्ताचा थेंब येत नव्हता. तो ट्रकवाला नेत होता, फुकट नेत होता, आणि मी त्याला बटाटे खा म्हणाले. का? तर तुम्ही माझ्या नवऱ्याला टायर म्हणत होता, आणि मला ते गोड लागत होतं. मी मारलं त्याला. तुम्ही पण मारलंत. रडता काय आता?”

मग एका म्हाताऱ्यानं मान हलवली. “दुःख डोक्यात गेलंय बिचारीच्या,” तो म्हणाला. दुसरा म्हणाला, “पण ऐकलंत का? पाय मेला होता तरी अकरा दिवस तांडा चालवला! मेलेल्या पायानं!” आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. साबास्तानं जे सांगितलं, ते त्यांनी त्याच घोटात एमेतेरिओच्या मोठेपणात मिसळून पिऊन टाकलं. तिला ओरडून छाती फोडावीशी वाटली, पण कुणासमोर फोडायची?

जुलै आला. सिल्वेरिओ म्होरक्या झाला. निघायच्या आदल्या दुपारी सगळे जण लाद्या कापताना फुटलेल्या टाचा शिवून घ्यायला अंगणात जमले. सवयीनं साबास्ताकडेच आले. सिल्वेरिओनं पाय पुढे केला. “घाल टाका, वहिनी. दादाला घालायचीस तसा.”

तिनं दाभण हातात घेतलं, पण टोचलं नाही. “आधी सांगते, भावजी. मी टोचलं की ओरडायचं. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. ओरडला नाहीत तर टाका घालणार नाही.”

अंगण हसलं. “बाळंतपण आहे का हे?” कुणीतरी म्हणालं. सिल्वेरिओचं तोंड लाल झालं.

“म्होरक्या ओरडत नसतो, वहिनी.”

“मग म्होरक्या दुसरीकडे शिवून घेतो,” साबास्ता म्हणाली आणि दाभण कासियानाच्या हातात दिलं. देताना तिचं मनगट धरून हळूच सांगितलं, “रक्त येईपर्यंत आत जा. नाही आलं, तर गावभर बोंब मार. नवऱ्याची अब्रू गेली चुलीत. माझं बघितलंस ना तू? ऐकतेस ना?”

“हो, जाऊबाई,” कासियाना म्हणाली.

कासियाना बसली, दोरा ओवला, टाच मांडीवर घेतली. तिचा हात नवा होता, दाभण खोल गेलं. रक्ताची धार लागली. सिल्वेरिओच्या कपाळावर घाम फुटला, ओठ दातांत गेला, डोळ्यांत पाणी तरळलं. पाय जिवंत होता, चांगला ठणठणीत जिवंत. साबास्ताचा जीव भांड्यात पडला. आता तो ओरडेल, किंवा ती तरी म्हणेल की याला दुखतंय, बघा.

सिल्वेरिओ डोंगराकडे बघायला लागला. कासियानानं शालीच्या टोकानं रक्त पटकन पुसून टाकलं, मान वर केली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पापणी तरी हलली का, बघा!”