हिरवळीचा बांध

उस्मानपुऱ्यात शेजारच्या बंगल्यावर दर रविवारी एक माळी यायचा. डोक्याला टॉवेल, हातात खुरपं, उकिडवा बसून बदकासारखा सरकायचा. नाव मी कधी विचारलं नाही. शेजाऱ्याची हिरवळ आमच्या हिरवळीला लागूनच. मधे मातीची एक रेघ, तीच हद्द. त्या रेघेसाठी मी कड कापायचं विजेचं मशीन आणलं. इंग्रजी माहितीपुस्तिका वाचणारा घराण्यातला पहिला माणूस मी, म्हणून ते मुद्दाम माळ्यासमोर चालवायचो.

चौथ्या रविवारी त्यानं विडी विझवली.

"सायेब, गावाकडं वावर हाय का?"

"हाय की. देवगाव रंगारीला."

"वाटलंच."

त्यानं दोन खुंट्या ठोकून हद्दीवर सुतळी ताणली. दर रविवारी नीट करता करता माझी रेघ शेजाऱ्याच्या हिरवळीत वीतभर घुसली होती.

"बांध कोरायचा तर बैलानं कोरावा, सायेब. मशीनचा आवाज लई. शेजारी जागा व्हतो."

मी प्लग काढला. बांधाच्या भांडणात पोरगं अडकू नये म्हणून बापानं मला कॉलेजात घातलं होतं. बापाला हे अजून सांगितलेलं नाही.