भिंतीलगतची जागा

मी तुरुंगात नर्स आहे. हे वाक्य बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात मी आजवर मोठ्यानं म्हटलेलं नाही, कारण सासूबाईंनी सगळ्या गल्लीला सून सरकारी दवाखान्यात असल्याचं सांगून ठेवलंय. तसं ते खोटंही नाही. दवाखानाच तो, फक्त इथले पेशंट बरे झाले तरी घरी जात नाहीत.

बायकांच्या विभागात मी एकटी. डॉक्टर अधूनमधून येतात, तेही दुसऱ्या तुरुंगातून धावतपळत. वॉर्डर बायकांच्या कितीतरी जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे आहेत त्या दुप्पट ड्युटी करतात आणि सुजलेले पाय घेऊन माझ्याकडे येतात. संडासाचा फ्लश बिघडला की प्लंबर येतो. पण त्याला आत न्यायला एक वॉर्डर सोबत लागते, ती मोकळी नसते, म्हणून तो फाटकावर चहा पिऊन परत जातो. हसावं की चिडावं कळत नाही. मी चिडते.

बराकीतला संडास एका कोपऱ्यात, कमरेएवढ्या भिंतीआड. दार नाही, कारण बाहेरून पहारा ठेवता आला पाहिजे. पडदा मागितला तर पडद्याला दोरी लागते, आणि दोरीनं कुणी गळफास घेईल म्हणून ती मिळत नाही. संध्याकाळी कुलूप लागलं की सकाळपर्यंत सगळ्यांना तोच संडास. बराकीचा रिवाज असा की नवी आलेली बाई त्या भिंतीला लागून झोपते. आणखी नवी कुणी आली की ही एक जागा पुढे सरकते.

त्या उन्हाळ्यात ती जागा एका गरोदर मुलीच्या वाट्याला आली होती. सातवा महिना, सासरच्या भांडणातली केस, जामिनाला उभं राहणारं कुणी नाही. तिला आल्यापासून लघवीला जळजळ होती. औषध दिलं की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. तिलाच नाही, बराकीतल्या निम्म्या बायकांना उन्हाळी लागली होती. मी कंठशोष करून सांगायची, पाणी प्या, बायांनो. सगळ्या माना डोलवायच्या. "हौ मेडम."

एकदा कुलूप लागायच्या वेळी मी आवारात होते. बघते तर एकेक बाई आपली पाण्याची बाटली मोगऱ्याच्या आळ्यात ओतून आत चाललीय. माझा पाराच चढला. सगळ्यांत जुनी कैदी नांदेडकडची म्हातारी, तिला मी अडवलं.

"आजी, हा काय प्रकार? पाणी प्यायचं सोडून झाडांना?"

"रात्री पाणी पिलं की उठावं लागतं, बाई," ती म्हणाली. "वास तिला येतो ना, भिंतीजवळ निजते तिला. एक रात कोरड्यानं काढली तर काय मरतो का आपण?"

"मग तिला दुसरीकडे झोपवा."

"तिथं कुणीतरी निजणारच की."

मी त्या मुलीकडे वळले. "त्या तुझ्यासाठी पीत नाहीत, पण तू का पीत नाहीस?"

"सब जने मेरे वास्ते प्यासे सोतें," ती खाली बघत म्हणाली. "मैं कैसा पियूँ, मेडम?"

त्याच आठवड्यात तिला सणसणून ताप भरला आणि पोटात कळा सुरू झाल्या. बाहेरच्या दवाखान्यात न्यायचं तर सोबत बाई हवी. ड्युटी संपवून घरी निघालेल्या वॉर्डरनं खांद्यावरची पर्स काढून माझ्या टेबलावर ठेवली, घरी फोन करून मुलाला शेजारी पाठवलं आणि ती अँब्युलन्समध्ये चढली. कळा थांबल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पाणी कमी पडून हे पुन्हा झालं तर मूल अपुऱ्या दिवसांचं येईल आणि हाती लागेलच असं नाही.

मुलगी परत आली तोवर बराकीत एक नवी बाई आली होती. म्हणजे मुलीची भिंतीपासून सुटका झाली होती. म्हातारीनं तिचं अंथरूण पुढच्या जागेवर घालूनही ठेवलं होतं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले, भाषण ठोकायच्या तयारीनं. पण मुलीनं आपलं अंथरूण उचललं आणि ते पुन्हा भिंतीला लागून पसरलं. नव्या बाईला हातानंच पुढे सरकायला सांगितलं. मग सगळ्यांसमोर आपली बाटली तोंडाला लावली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

"ये जगा अब मेरीच है," ती म्हणाली. "मेरेकू बास आती तो आने दो. तुम लोगां पियो."

मग तिनं दुसरी बाटली भरून म्हातारीपुढे धरली आणि म्हातारी प्यायली. नंतर बाकीच्या प्यायल्या. मला रडू फुटलं, आणि वॉर्डरला दिसू नये म्हणून मी उगाच औषधांचा डबा आवरत बसले.

फ्लश अजून तसाच आहे. बाळंतपण होईपर्यंत नव्या बायका येत राहिल्या आणि ती प्रत्येकीला पुढची जागा देत राहिली. तिला मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची.